‘सही केली होती ना?’

एखाद्याचा हक्क बुडाला म्हणजे त्याची कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच ‘पण त्याने सही केली होती ना?’ असे विचारणारा एक वर्ग जगात सर्वत्र आढळतो. हा वर्ग स्वतःला व्यवहारी समजतो. त्याच्या लेखी करार ही एक पवित्र वस्तू असते आणि सही हा तिच्यावरचा अखेरचा अभिषेक. एकदा तो झाला, की मग खाली काय लिहिले होते, कोणी लिहिले होते, सही करणाऱ्याला काय सांगितले होते आणि काय लपविले होते, या सगळ्या चौकशा त्याला पोरकट वाटतात. या वर्गाशी माझे जुने भांडण आहे. ते पुढे चालविण्यासाठी या वेळी मी एका अशा माणसाचे उदाहरण घेणार आहे, की ज्याच्याविषयी सुशिक्षित मराठी वाचकाला सहसा आस्था वाटणार नाही. मी मुद्दामच तसे करीत आहे. कवीच्या वा गिरणी-कामगाराच्या बाजूने बोलणे सोपे असते. ठोसे मारून पोट भरणाऱ्या जड वजनाच्या माणसाच्या बाजूने बोलताना आपली न्यायबुद्धी खरी किती खोल आहे ते कळते.

हा माणूस म्हणजे मार्क हंट. जन्म १९७४, न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या दक्षिण भागात. घराणे सामोआ बेटांतून आलेले. घरात देवधर्म भरपूर आणि मारहाण त्याहून अधिक, असे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तो तपशील मी येथे देत नाही; तो वाचवत नाही. तारुण्यात तुरुंगाची हवा खाऊन झाली. मग एका रात्री ऑकलंडमधल्या एका रात्रीच्या क्लबाबाहेर त्याने अनेकांना लोळविले आणि दारावरच्या रक्षकाने पोलिसांना बोलावण्याऐवजी त्याला थाई पद्धतीच्या मुष्टियुद्धाच्या सामन्यात उतरण्याचे निमंत्रण दिले. शिक्षण असे काही नव्हते. तो सामना त्याने जिंकला. बक्षीस म्हणून बिअरचे सहा डबे मिळाले. या गोष्टीला त्याचे चाहते ‘सुरुवात’ म्हणतात आणि ती सांगताना त्यांचे डोळे चमकतात. माझ्या मते हा त्याचा पहिला करार होय, आणि पुढच्या सगळ्या करारांचे बीज त्यात आहे. दुसऱ्याने त्याच्या हाताची ताकद ओळखली, दुसऱ्याने तिची किंमत ठरविली आणि त्याने आनंदाने ती घेतली.

तेथून सिडनी आणि सिडनीहून जपान. १९९३ साली सुरू झालेली के-वन ही स्पर्धा त्या काळी लाथा आणि ठोसे या दोहोंना मुभा देणाऱ्या जड वजनाच्या मल्लांची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. २००१ सालच्या ८ डिसेंबरला तोक्यो डोममध्ये तिची अंतिम फेरी झाली. तिची रीत अशी, की आठ जण उतरावयाचे आणि विजेत्याने एकाच रात्री तीन झुंजी लढावयाच्या. हंटची वर्णी तेथे लागली तीसुद्धा आडवळणाने. पात्रतेच्या फेरीत तो रे सेफोकडून हरला होता. पण सेफो डोळ्याच्या दुखापतीने पुढे लढू शकला नाही आणि जागा याला मिळाली. त्या रात्री त्याने फ्रान्सच्या जेरोम ले बॅनरला आडवे केले, मग श्तेफान लेकोला गुणांवर हरविले आणि अंतिम झुंजीत ब्राझीलच्या फ्रान्सिस्को फिल्योला जादा फेरीपर्यंत खेचून तो जगज्जेता झाला. उंची पाच फूट दहा इंच. भोवतालचे बहुतेक त्याच्याहून उंच. कोणालाही हा माणूस आवडावा, असाच तो होता. मलाही तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या निःपक्षपातीपणाविषयी कोणाचा गैरसमज नको.

पण तो का आवडतो? येथे जरा थांबले पाहिजे. मार्च २००२ मध्ये नागोया येथे मिर्को फिलिपोविच ऊर्फ ‘क्रो कॉप’ या क्रोएशियन मल्लाने हंटच्या डोक्यावर आपली ती प्रसिद्ध डावी लाथ मारली. ज्या लाथेखाली माणसे झोपी जात, ती खाऊन हंट खाली गेला, उठला आणि सामना संपेपर्यंत उभा राहिला. तो हरला. तरी लोक आजही त्या सामन्याची आठवण काढतात ती जिंकणाऱ्यासाठी नव्हे, उठणाऱ्यासाठी. या धंद्यात ‘हनुवटी चांगली आहे’ असे एक प्रशस्तिपत्र असते. त्याचा अर्थ इतकाच, की या माणसाला पुष्कळ मारले तरी तो पडत नाही. घोड्याची छाती पाहावी, बैलाची वशिंड पाहावी, तशी येथे माणसाची हनुवटी पाहतात.

आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. हरणारा धूळ झटकून उठतो आणि त्याची अक्कल जागेवर असते. येथे मात्र हिशेब उलटा आहे. जो लौकर पडतो तो लौकर सुटतो. जो पडत नाही त्याची झुंज लांबते, आणि न पडण्याच्या प्रत्येक मिनिटाला त्याच्या कवटीत मेंदू हिंदकळत राहतो. हाड जाड असले, मान भक्कम असली, म्हणून आतला मऊ गोळा काही जाड होत नाही. मुष्टियोद्ध्यांच्या बरळण्याची आणि झोकांड्या देत चालण्याची वैद्यकीय नोंद अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली केली. तेव्हापासून आजवर शास्त्राने तिला नवी नावे दिली, मेंदूत साचणाऱ्या ‘टाऊ’ नामक प्रथिनाचे डाग दाखविले, आणि असेही सांगितले की या रोगाचे निःसंशय निदान मृत्यूनंतर मेंदू कापूनच करता येते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण हंटला टाळ्या दिल्या, तो त्याचा गुण नसून त्याच्या नावावर चढत जाणारे कर्ज होते. टाळ्या देणारे आपण त्या कर्जाचे जामीनदार नाही. व्याज मात्र आपण खाल्ले.

असो. २००४ साली हंट के-वन सोडून प्राइड या दुसऱ्या जपानी संस्थेत गेला. तेथे लाथाठोशांबरोबर धरपकड, पाडापाडी, हातपाय पिरगाळणे हे सर्व चाले. यालाच मिश्र युद्धकला म्हणतात. उभ्याने लढणारा माणूस जमिनीवर पाडला की कसा निराधार होतो, ते पहिल्याच सामन्यात कळले. ज्युदोतील ऑलिंपिक सुवर्णपदकविजेत्या हिदेहिको योशिदाने त्याचा हात अडकवून त्याला हार मानायला लावली. पुढे त्याने ३१ डिसेंबर २००४ रोजी वांदर्ले सिल्वाला आणि त्याच तारखेला पुढच्या वर्षी क्रो कॉपला गुणांवर हरविले. २००६ च्या वर्षअखेरीस फ्योदोर येमेल्यानेंकोने पुन्हा त्याचा हात पिरगाळून त्याला नमविले. जपानी कुटुंबे वर्षाची शेवटची संध्याकाळ दूरदर्शनसमोर घालवीत आणि वाहिन्या त्या वेळी असल्या झुंजींचे फटाके उडवीत. गंमत अशी, की तज्ज्ञ नसलेल्या प्रेक्षकाला जे पराभव लाजिरवाणे वाटतात, हात अडकला आणि गड्याने थोपटून शरणागती दिली, तेच या माणसाच्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे पराभव होत. त्यांत डोके शाबूत राहिले. जमिनीवरची झटापट सुरू झाली की ओरडणारा, ‘उभे करा त्यांना’ म्हणून आरोळ्या ठोकणारा प्रेक्षक नेमके काय मागत असतो, याचा त्याने कधी विचार केला असेल असे मला वाटत नाही.

प्राइड बुडाली. २००७ मध्ये तिची मालमत्ता अमेरिकेतील यूएफसी या कंपनीच्या मालकांनी घेतली आणि तिच्याबरोबर हंटचा उरलेला करारही त्यांच्या पदरी आला. तोवर तो हरत चालला होता. २०१० च्या सप्टेंबरात यूएफसीच्या पिंजऱ्यात तो प्रथम उतरला आणि तोही सामना एका मिनिटाच्या आसपास गमावून बसला. ओळीने सहावा पराभव. कंपनीने त्याला न लढता पैसे घेऊन घरी बसण्याची तयारी दाखविली होती. त्याने ती नाकारली; लढू द्या म्हणाला. ‘पाहा, त्यालाच लढावयाचे होते!’ असे येथे माझे व्यवहारी मित्र म्हणतील. खरेच आहे. लढण्याची हौस त्याची होती, यात मला काडीची शंका नाही. पण कोणाशी लढावयाचे, कोणत्या अटींवर, आणि समोरच्याच्या रक्तात काय आहे, हे प्रश्न त्या हौसेत विरघळून जात नाहीत. पुढे त्याने ओळीने चार सामने जिंकले, २०१४ च्या नोव्हेंबरात मेक्सिको सिटीत हंगामी विजेतेपदासाठी झुंजला, हरला. चाळिशीच्या माणसाने सगळ्या जगाला अचंबा वाटावा असे हे पुनरागमन होते. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्या काळातल्या तीन नावांविषयी बोलावयाचे आहे.

पहिले नाव अंतोनियो सिल्वा. ७ डिसेंबर २०१३, ब्रिस्बेन. पाच फेऱ्यांची ती रक्तबंबाळ झुंज बरोबरीत सुटली आणि ‘असा सामना जड वजनात झाला नाही’ अशी तिची वाहवा झाली. मागाहून निघाले, की सिल्वाच्या अंगात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण मर्यादेबाहेर होते. त्याला ते द्रव्य वैद्यकीय परवान्याने घेण्याची मुभा होती! असले परवाने नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने २०१४ च्या फेब्रुवारीत बंद केले. दुसरे नाव फ्रँक मीर. मार्च २०१६ मध्ये हंटने त्याला पहिल्याच फेरीत लोळविले आणि नंतर मीरही उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला. तिसरे नाव ब्रॉक लेस्नर. आणि तेथे सगळा मामला उघडा पडतो.

लेस्नर हा नाटकी कुस्तीतला मोठा नट, यूएफसीचा माजी विजेता आणि तिकीटबारीवरचे नाणे. साडेचार वर्षे तो पिंजऱ्याबाहेर होता. यूएफसीने २०१५ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे चाचण्यांचे काम सोपविले होते, आणि नियम असा होता की निवृत्तीतून परतणाऱ्याने लढण्यापूर्वी चार महिने चाचण्यांच्या कक्षेत राहावे. अपवादात्मक परिस्थितीत कंपनी ही अट माफ करू शके. लेस्नरच्या पुनरागमनाची घोषणा ४ जून २०१६ रोजी झाली. सामना ९ जुलैला, लास व्हेगासमध्ये, कंपनीच्या दोनशेव्या महोत्सवात. चार महिन्यांची अट पाच आठवड्यांत कशी बसवावी? ती माफ करण्यात आली. २८ जूनला लेस्नरचा नमुना घेतला गेला. त्यात निषिद्ध द्रव्य असल्याचे कळले ते सामन्यानंतर. सामन्यात त्याने हंटला जमिनीवर दाबून त्याच्या डोक्यावर ठोशांचा वर्षाव केला आणि गुणांवर विजय मिळविला. सामन्याच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यातही तेच द्रव्य निघाले. निकाल रद्द झाला. नेवाडा आयोगाने लेस्नरला एक वर्षाची बंदी आणि अडीच लाख डॉलर दंड केला. जाहीर झालेले त्याचे मानधन होते पंचवीस लाख. म्हणजे दंड झाला दहावा हिस्सा. तो गेला सरकारजमा. ज्याचे डोके ठोकले गेले त्याला त्यातला एक छदामही मिळाला नाही. पिंजऱ्यातला निकाल कागदावर खोडता येतो. ठोसे कुठल्या रबराने खोडावयाचे?

यानंतर हंटने एक साधी मागणी केली. यापुढे माझ्या करारात असे एक कलम घाला, की माझा प्रतिस्पर्धी चाचणीत दोषी ठरला तर त्याचे मानधन जप्त व्हावे. सही करणाऱ्याने कराराचा मजकूर सुचविला, त्यात काही पाप आहे काय? कंपनीने ते कलम दिले नाही. तेव्हा २०१७ च्या जानेवारीत त्याने कंपनी, तिचा अध्यक्ष डेना व्हाइट आणि लेस्नर यांच्यावर नेवाडातील जिल्हा न्यायालयात दावा लावला. फसवणूक, संगनमत, देहावर आघात, असे त्याचे आरोप होते. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातले बहुतेक सारे काढून टाकले. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांतले काही पुन्हा उभे केले. २०२३ मध्ये खालच्या न्यायालयाने प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीशांचा मी अवमान करीत नाही. कायद्याच्या चौकटीत त्यांचे बरोबर असेलही. पण आघाताच्या मुद्द्यावर २०१९ च्या निकालाचा जो आशय आहे तो वाचकांनी नीट ऐकावा. हंटला लेस्नरविषयी संशय होता आणि संशय असूनही तो लढला. शिवाय ज्या जखमा झाल्या त्या असल्या खेळात एरवीही होऊ शकतात. म्हणून त्याची संमती होती असे धरावे लागते.

म्हणजे पाहा! ज्याला संशय आला नाही तो भोळा, आणि ज्याला आला तो संमत. संशय बोलून दाखविण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या अंगाशी आला. आणि संशय म्हणजे ज्ञान नव्हे, एवढे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातल्या मुलालाही ठाऊक असते. दुधात पाणी असेल असा मला रोज संशय येतो आणि तरीही मी दूध घेतो. म्हणून गवळ्याला पाणी घालण्याची परवानगी मी दिली असे ठरते काय? हंटने ठोसे खाण्यास संमती दिली होती. नियमांत बसणाऱ्या माणसाचे ठोसे खाण्यास दिली होती. चाचण्यांचे नियम कंपनीनेच गाजावाजा करून लावले, त्यांच्या भरवशावर लोक सह्या करू लागले, आणि ज्याच्यासाठी ते नियम सर्वांत अगत्याचे होते त्याच्यासाठीच ते बाजूला ठेवले गेले. यात कोणता कट होता असे मी म्हणत नाही. कट सिद्ध झाला नाही. मी एवढेच म्हणतो, की अट माफ करणाराला पैसा मिळाला आणि माफीचा धोका दुसऱ्याच्या डोक्यावर टाकला गेला, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारले नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. २०१७ च्या सप्टेंबरात हंटचा एक लेख ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सांगितले, की आपली झोप उडाली आहे, कालची गोष्ट आठवत नाही पण जुन्या आठवतात, कधी कधी बोलताना शब्द अडखळतात. त्या नोव्हेंबरात सिडनीत त्याची मुख्य झुंज ठरली होती. कंपनीने प्रकृतीचे कारण देऊन त्याला त्यातून काढले. हंट संतापला, माझ्या शब्दांचा विपर्यास केला, दाव्याचा सूड उगवला, असे म्हणू लागला. वैद्यकीय तपासण्या झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा पिंजऱ्यात उतरला.

त्याला काढले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. अशी लक्षणे सांगणाऱ्या माणसाला वैद्यांनी पाहिल्यावाचून लढू देणे हा गुन्हा ठरला असता. पण त्या निर्णयाने त्या धंद्यातल्या शेकडो तरुणांना काय शिकविले? तोंड उघडले की सामना जातो. सामना गेला की मानधन जाते. कारण त्यांना मासिक पगार नाही. ते कंपनीचे नोकर नाहीत, कागदोपत्री ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत. लढतील तेव्हा पैसे. मुष्टियोद्ध्यांना ठेकेदारांपासून काही संरक्षण देणारा, महंमद अलीच्या नावाचा कायदा अमेरिकेने २००० साली केला. पण मिश्र युद्धकलेला तो लागू केला नाही. कंपनीने २०११ साली अपघाताचा विमा सुरू केला खरा. तथापि विस्मृतीचा अपघात काही एका तारखेला होत नाही. अशा व्यवस्थेत उद्या ज्याचे शब्द अडखळू लागतील तो घरच्या आरशासमोर सराव करील आणि तपासणीच्या दिवशी नीट बोलून दाखवील. आजार उघड करणे हाच जेथे तोट्याचा व्यवहार आहे, तेथे वैद्यकीय तपासणी कितीही कडक ठेवा, ती आंधळीच राहणार.

‘म्हणून तर हा रानटीपणा बंद करा म्हणतो’ असे म्हणणारा दुसरा एक पक्ष आहे. त्याचे अंतःकरण स्वच्छ असते. मला त्याचा राग येत नाही. पण बंदीने हे लोक कोठे जातील, हे त्याने सांगावे. दक्षिण ऑकलंडच्या त्या पोराला रिंगण मिळाले नसते तर रस्ता होताच. शिवाय बंदीची भाषा बोलून हा पक्ष हात धुऊन मोकळा होतो आणि जे लोक लढून चुकले त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेला कॅनडाचा गॅरी गुडरिज १९९६ पासून यूएफसी, प्राइड, के-वन सर्वत्र लढला. अखेरच्या वर्षांत तो बहुधा हरतच असे, आणि तरी त्याला बोलावणी येत, कारण हरणारा नावाजलेला माणूसही जिंकणाऱ्या तरुणाला लागतोच. पन्नाशी गाठण्यापूर्वीच डॉक्टरांनी त्याला डोक्यावरील आघातांतून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे निदान सांगितले. आता खेळ बंद केला तर त्याला त्याची स्मृती परत मिळणार आहे काय? त्याला औषध, सोबत आणि निर्वाह लागतो; तो कोण देणार, हा प्रश्न बंदीवाल्यांच्या सभेत मी कधी ऐकला नाही.

हंट हा काही संत नव्हे. त्याचे बोलणे शिवराळ आहे, आणि लढता लढता मेलो तरी चालेल असेही तो बोलून गेला आहे. त्या बाबतीत मी त्याच्या विरुद्ध पक्षाचा आहे. यूएफसीतून २०१८ अखेरीस बाहेर पडल्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो सिडनीत मुष्टियुद्धासाठी उभा राहिला आणि रग्बीचा नामवंत खेळाडू सॉनी बिल विल्यम्स याला त्याने चौथ्या फेरीत थांबविले. पुन्हा टाळ्या. ज्याला पाच वर्षांपूर्वी कालचे आठवत नव्हते त्याने असे करावे, हे मला पटत नाही, आणि हे पाहून हर्षाने नाचणारे त्याचे चाहते तर मुळीच पटत नाहीत. परंतु माणूस अविचारी आहे म्हणून त्याला फसविण्याचा परवाना मिळतो, हे मला त्याहूनही पटत नाही.

मागणे फार नाही. हंटने मागितले होते ते कलम प्रत्येक करारात असावे, आणि दोषीचे मानधन सरकारच्या तिजोरीत न जाता मार खाणाऱ्याच्या हाती पडावे. चाचणीच्या अटीत कोणालाही, तो कितीही तिकिटे खपवो, सूट असू नये. आणि लक्षणे सांगून बाजूला होणाऱ्याला त्या सामन्याचे मानधन मिळावे. यावर उत्तर ठरलेले आहे: एवढा खर्च धंद्याला झेपणार नाही. २००१ साली ही कंपनी वीस लाख डॉलरला विकत घेतली गेली. लेस्नर आणि हंट यांची झुंज झाली ९ जुलै २०१६ ला. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ११ जुलैला, तीच कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरला विकल्याचे जाहीर झाले. मल्लांनी एकाधिकाराविरुद्ध २०१४ साली लावलेला दुसरा एक दावा मिटविण्यासाठी २०२४ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलर देण्याचेही तिने कबूल केले. तेव्हा त्या उन्हाळ्यात एका नटाला चार महिने थांबवून ठेवणे कंपनीला परवडले नसते, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी आकडे घेऊन पुढे यावे. मी ऐकायला बसलो आहे.